पाटलांनी जमीन दिली, शेटजींनी जिनिंग टाकली: खानदेशात खरंच असंच झालं का?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. बोरी नदीच्या खोऱ्यातल्या एका गावाची छोटी पुस्तिका करतेय, त्यात उद्योगांवर एक प्रकरण आहे. गावाबाहेर बंद पडलेली जुनी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना, आहे. विटांचं धुराडं उभं आहे, दगडी जोत्यावरचा लांब हॉल आहे, मागे मोठी विहीर आहे. यंत्रांपैकी दोन-तीन सांगाडे गंजत पडलेत. गावात कोणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: 'पाटलांनी जमीन दिली, शेटजींनी जिनिंग टाकली.'

मला हे जरा सोयीचं वाटतं. जमीन 'दिली' म्हणजे विकली, भाड्याने दिली की कर्जात गेली? पाटील-देशमुखांकडे शेकडो बिघे होते, मग त्यांनी स्वतः कारखाना का नाही काढला? अमळनेरच्या कापडगिरणीशी या गावोगावच्या जिनिंगचं नातं काय होतं? आणि हे सगळं तपासायला कुठले कागद काढायचे? जाणकारांनी सांगावं. ऐकीव गोष्टींचं माझ्याकडे पोतं भरलंय.

जुनं दप्तर
ताई, आधी 'जमीनदार' हा शब्द बाजूला ठेवा. बंगालसारखे जमीनदार खानदेशात नव्हते. १८१८ नंतर इथे रयतवारी आली. सारा थेट खातेदाराकडून सरकारात. देशमुख, देशपांडे, पाटील हे वतनदार. त्यांचा मान आणि इनाम राहिलं, पण वसुलीतला हात गेला. हक्काच्या बदल्यात रोख नेमणूक आली आणि ती रक्कम वाढणारी नव्हती. १८५२ मध्ये दोन गोष्टी एकदम अंगावर आल्या. एकीकडे इनाम कमिशनचा कायदा, म्हणजे 'सनद दाखवा नाहीतर इनाम खालसा'. दुसरीकडे जमिनीची नवी मोजणी. त्या मोजणीविरुद्ध सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल भागात दंगे झाले आणि त्यात गावचे मानकरी पुढे होते. अशा घराण्याकडून दहा वर्षांत वाफेचं इंजिन आणण्याची अपेक्षा करणं चूक. जे रोख हाताशी होतं ते वाडा, लग्नं, भाऊबंदकीचे दावे आणि इनामाचे कागद वाचवण्यात गेलं.

आता दुसरी बाजू. मोजणीनंतर प्रत्येक सर्व्हे नंबरला ठरलेला आकार, म्हणजे सारा, आणि विकता येण्यासारखा हक्क मिळाला. जमीन गहाण ठेवण्याजोगी झाली ती इथून. १८६१ ते ६५ अमेरिकेतलं यादवी युद्ध, मँचेस्टरला कापूस मिळेना, मुंबईचा भाव चढला, आणि नेमक्या त्याच वर्षांत जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ अशी सरकत गेली. शेतकऱ्याने चढ्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलं. युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज उरलं. पुढच्या वीस-तीस वर्षांत काळी जमीन मोठ्या प्रमाणात मारवाडी आणि गुजराती सावकारांच्या खात्यावर गेली. १८७९ चा दख्खनचा शेतकरी कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेशातल्या कुळाला तेव्हा तो आधार नव्हता.

म्हणून माझं मत असं: जिनिंग टाकणारा बहुतेक वेळा जमीनमालक होता, पण तो जमिनीमुळे कारखानदार झाला नाही. तो आधी सावकार आणि कापसाचा खरेदीदार होता. जमीन आणि जिनिंग ही त्याच खातेवहीची दोन पानं. तुमच्या गावातलं वाक्य उलटं करून बघा. पाटलांनी जमीन दिली की नाही हे नंतर पाहू. त्यांनी कापूस दिला का, ते आधी बघा.

रोलर-सुरी
दप्तर अण्णांशी सहमत. पण 'कापूस दिला' यात काय दडलंय ते यंत्राच्या बाजूने सांगतो, म्हणजे जिनिंगवाल्याला खाती का बांधून ठेवावी लागायची ते कळेल.

कापसाचा ढोबळ हिशेब: तीन भाग कापूस, त्यातून एक भाग रुई (सरकी काढलेला धागा), दोन भाग सरकी. मुंबईची खंडी ७८४ पौंडांची आणि पक्की दाबलेली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे दोन गाठींची खंडी. तिसरा हिस्सा उतारा, म्हणजे कापसातून निघणारी रुई, धरला तर एका खंडी रुईला २,३५२ पौंड कापूस लागतो. इंजिनवर एकाच शाफ्टला पट्ट्यांनी जोडलेली वीस-तीस रोलर यंत्रं असली, तर कापसाचा ओघ तुटून चालत नाही. बॉयलर पेटवायला वेळ लागतो. वाफ एकदा चढली की दहा यंत्रं चालवा नाहीतर तीस, कोळसा त्या प्रमाणात कमी जळत नाही. हंगाम दिवाळीनंतर ते फार तर होळीपर्यंतचा. जो मालक बाजारात येईल त्या कापसावर अवलंबून राहिला तो बुडाला. ज्याच्याकडे दोनशे खाती उचल देऊन बांधलेली होती, त्याच्या फाटकात गाड्या आपोआप लागायच्या. पावसाळ्यात बी-बियाणं, बैल आणि लग्नाला उचल द्यायची, अट एकच: कापूस आमच्याच काट्यावर. भाव तेव्हाच ठरलेला किंवा 'बाजारभावापेक्षा अमुक कमी'. यंत्रावरची कमाई तर होतीच, पण काटा, कट्टी (वजनातली कापणी) आणि व्याज या तीन ठिकाणी खरी कमाई होती.

तुमच्या हॉलमधले सांगाडे बहुधा मॅकार्थी पद्धतीचे एकेरी रोलर असतील. ओळख सोपी: चामडं लपेटलेला एक लांब रोलर, त्याला टेकलेली स्थिर सुरी, आणि खालीवर हलणारी दुसरी सुरी. चामड्यावर तिरप्या खाचा असतात. त्या धागा धरून आत ओढतात, सुरीच्या फटीतून सरकी जात नाही, हलणारी सुरी तिला ठोकून खाली पाडते. बाजूच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) चौकटीवर खडू घासा. अक्षरं उठून आली तर ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्ससारखं नाव मिळेल.

बिघाड कुठे व्हायचे? कापूस ओला असला की चामडं घसरतं, सरकी फुटते आणि तेलाचा डाग रुईला लागतो. वजन वाढवायला कापसावर पाणी मारायची खोड जुनी आहे. तसा माल दाबला तर गाठ आतून तापते, पिवळी पडते. मुंबई सरकारने कापसातल्या लबाडीविरुद्ध १८६३ मध्येच कायदा केला होता, यावरून खोड किती जुनी ते कळेल. स्थिर सुरीचा दाब जास्त झाला की चामडं तापतं, करपतं. कापसात खडा किंवा खिळा आला तर सुरीवर ठिणगी, आणि जिनिंगला आग लागायचं हे नेहमीचं कारण. म्हणून इंजिनघर, रुईची खोली आणि सरकीचा ढीग वेगवेगळे ठेवत. जागा दोन-तीन एकर तरी लागे, कारण गाड्या रात्रभर रांगेत उभ्या राहायच्या. तुमच्याकडची मोठी विहीर पिण्याच्या पाण्याची नसणार, बॉयलरची असणार. जागा निवडताना मालक आधी पाणी बघायचा, मग गाडीवाट, मग जमीन कोणाची ते.

आणखी एक, जे इतिहास लिहिणारे हमखास सोडतात: बियाणं. जिनिंगमध्ये दहा गावांचा कापूस एकत्र पिंजला जायचा आणि तीच मिसळ सरकी शेतकऱ्याकडे बी म्हणून परत यायची. वाण असा बिघडत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खानदेशात 'एन.आर.' म्हणजे नेग्लेक्टम रोझियम हा आखूड धाग्याचा, पांढऱ्या फुलाचा वाण पसरला. धागा जाडाभरडा, पण उतारा ३८-४० टक्क्यांपर्यंत. वरचाच हिशेब ३९ टक्क्यांनी करा: खंडीला २,०१० पौंड कापूस पुरतो. एका खंडीमागे ३४२ पौंडांचा फरक. जिनिंगवाल्याला लांब धाग्यात रस का नव्हता, ते या एका आकड्यात आलं. शेती खात्यानेही शेवटी हाच वाण शुद्ध करून वाटला, कारण शेतकऱ्याच्याही पदरात त्यातच जास्त पडत होतं. जरिला आणि विरनार हे सुधारित वाण त्यानंतरचे.

पांझराथडी
चर्चा चांगली चाललीय, पण सगळा खानदेश कापसाचा आणि सावकाराचा करून टाकू नका. पांझरा, कान, मोसम, आरम या नद्यांवर फड बागाईत शेकडो वर्षं चाललं. तिथे यंत्र आणि भांडवल दोन्ही शेतकऱ्याचंच होतं, फक्त लहान प्रमाणावर.

पद्धत अशी. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे साधारण चार फड. एका फडात एका वर्षी एकच पीक: एकात ऊस, बाकीच्यांत भात, गहू, ज्वारी अशी फिरती. बहुतेक प्रत्येक खातेदाराची पट्टी प्रत्येक फडात, म्हणजे उसाचा पैसा दरवर्षी थोडा सगळ्यांना आणि पाणीही सगळ्यांना. पाटकरी पाणी सोडतो, बारेकरी शेतात भरतो, जागल्या राखण करतो, वर हवालदार. मोबदला पूर्वी धान्यात. पाटाचा गाळ काढायला प्रत्येक घरातून माणूस, नाही आला तर दंड.

ऊस आला की गुऱ्हाळ आलंच. लाकडी चरकातून उसाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास रस निघायचा. लोखंडी तीन लाटांचा चरक आला, पुढे किर्लोस्करांचाही, आणि रस साठ टक्क्यांवर गेला. शंभर मण उसाला दहा मणांच्या आसपास गूळ. रस काहिलीत घातला की आधी मंद आच, भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकून मळी वर आणायची, ती काढायची, मगच आच वाढवायची. मळी नीट काढली नाही तर ढेप काळी पडते. चुना जास्त झाला तर गूळ लालसर आणि खारट. पाक कच्चा उतरला तर पावसाळ्यात ढेप पाझरते. लोखंडी चरक महाग, म्हणून फडातल्या मोठ्या खातेदाराने घ्यायचा आणि इतरांनी पाळीने वापरायचा, भाडं गुळात. हा मोठा खातेदार म्हणजेच गावचा पाटील. म्हणजे पाटलांनी काहीच केलं नाही असं नाही. त्यांनी जिथे पाण्याचा हक्क हातात होता तिथे यंत्र घेतलं.

पुढे साक्री तालुक्यात पांझराकान सहकारी साखर कारखाना झाला, फैजपूरला मधुकर, शहाद्याकडे सातपुडा-तापी परिसर. त्यांचे सभासद म्हणजे जिनिंगवाल्यांची नव्हे, या बागाईतदारांची पुढची पिढी. माझ्या मते हाच खरा 'जमीन ते कारखाना' रस्ता, आणि तो कापसातून गेला नाही.

जुनं दप्तर
पांझराथडी भाऊ, फडाबद्दल मान्य. पण चरक आणि गिरणी यांत अंतर आहे. गुऱ्हाळाचा पैसा त्याच हंगामात खर्चून जायचा. त्यातून कंपनी उभी राहिली नाही. साखर कारखान्यांतही शासनाचं भागभांडवल आणि बँकेची हमी काढून घ्या, मग किती उरतं ते बघा. शिवाय कुळकायदा मध्ये आला. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी सावकाराच्या खात्यावरची कसणाऱ्याची जमीन कसणाऱ्याच्या नावावर गेली. त्याआधी सभासद होणार कोण होतं?

बोरीकाठ
दोघांचेही आभार, आता चित्र सुटं व्हायला लागलं. बोरीवर फड नाहीत, त्यामुळे आमच्याकडे कापूसच. अमळनेरच्या गिरणीचं आणि मजुरांचं कोणी सांगेल का? आमच्या जिनिंगबद्दल म्हातारी माणसं सांगतात की काही वर्षं ती चालूच नव्हती, तरी मालकाला पैसे मिळत. हे कसं शक्य आहे?

सुतगिरणी गल्ली
बंद जिनिंगला पैसे मिळत हे अगदी शक्य आहे. त्याला 'पूल' म्हणत. १९०० च्या आसपास सुरत-अमळनेर ताप्ती व्हॅली रेल्वे आणि चाळीसगाव-धुळे फाटा झाला, तशा नव्या स्टेशनांभोवती जिनिंगा इतक्या उभ्या राहिल्या की तेवढा कापूसच नव्हता. मग मालकांनी एकत्र बसून पिंजाईचा दर ठरवला, काही जिनिंगा बंद ठेवायच्या आणि जमा झालेल्या पैशातून बंद असलेल्यांनाही हिस्सा द्यायचा असा करार केला. काही जणांनी तर हिस्सा मिळावा म्हणूनच जिनिंग बांधली. शेतकऱ्याला तोटा दुहेरी: दर चढा आणि जवळची जिनिंग बंद, म्हणून गाडी लांब न्यायची. तुमचं धुराडं फार काळं झालेलं नसेल तर हे कारणही डोक्यात ठेवा.

आता गिरणी. जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकातली, मुंबईच्या मूळजी जेठा पेढीची. म्हणजे तिथे पैसा बाहेरचा. अमळनेरची प्रताप मिल १९०६ ची, मोतीलाल माणेकचंद म्हणजे प्रताप शेठ यांची. हा स्थानिक सावकारी-व्यापारी घराण्याचा पैसा. दोहोंमधला फरक तुमच्या प्रकरणाचा कणा होऊ शकतो. प्रताप शेठांनी १९१६ मध्ये अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, शाळेला पैसा दिला. गिरणीचं नाव धुळ्यापर्यंत गेलं, न्यू प्रताप मिल म्हणून.

कंपनी होती, भागधारक होते, पण कारभार मॅनेजिंग एजंटच्या, म्हणजे कंपनी चालवायला नेमलेल्या पेढीच्या, हातात. ही पद्धत भारतात १९७० मध्ये संपली. एजंटाला नफ्यावर किंवा विक्रीवर कमिशन, आणि गिरणीसाठी कापूस कोणाकडून घ्यायचा हेही तोच ठरवी. कापूस पुरवणारी जिनिंग त्याच्याच नातलगाची किंवा पेढीची असली तर कमाई दोन्हीकडून. म्हणून 'गिरणी आणि जिनिंगचं नातं' शोधताना मालकाचं नाव एवढ्यावर थांबू नका. मुनीम, अडत्या आणि भागीदार यांची नावं जुळवा. कापड जाडंभरडं का निघायचं, ते रोलर-सुरी यांनी वर सांगितलंच.

शेतकऱ्याच्या घरात कंपनीचा कागद आला तो खरं तर तेलातून. भुईमूग वाढला, आणि डिसेंबर १९४५ मध्ये मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी अमळनेरला वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स काढली. वनस्पती तूप, साबण. तीच आजची विप्रो. तिचे शेअर अमळनेर परिसरातल्या अनेक साध्या कुटुंबांकडे होते, ही गोष्ट आता सगळ्या देशाला माहीत आहे. कापसाने मात्र असं वाटप कधी केलं नाही.

आखाजी
मजुरांबद्दल थोडं. मोठ्या शेताचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवरचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो, वर्षाची उचल घेतो. जिनिंगचा हंगाम नेमका वेचणीच्या पाठोपाठ, त्यामुळे शेतावरची बाईमाणसं तिथेच जायची. यंत्रावर कापूस घालणाऱ्या बहुतेक बायका. पुरुष इंजिन, प्रेस आणि हमालीला. ज्याच्या शेतावर सालदार त्याचीच जिनिंग असली तर मजूर शोधावे लागत नाहीत आणि मजुरी उचलीतून वळती करता येते. जमीनमालकीने उद्योगाला दिलेली ही सगळ्यात मोठी सवलत, आणि ती कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

कायदा कसा वागला तेही बघा. १८८१ चा कारखाना कायदा शंभर किंवा जास्त मजुरांच्या कारखान्यांपुरता होता आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे त्यातून वगळलेले. म्हणजे जिनिंगा अलगद बाहेर. १८८५ च्या मुंबईच्या चौकशी मंडळापुढे खानदेशातल्या जिनिंगांच्या साक्षी झाल्या. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम, घाईच्या दिवसांत दिवसरात्र, बायकांकडून. हंगामी कारखाने कायद्यात आले ते १९११ मध्ये. पुस्तिकेत धुराड्याचा फोटो टाकाल तर शेजारी हेही टाका.

जुनं दप्तर
कागदांचं राहिलं होतं. क्रमाने सांगतो, कारण उलट गेलात तर महिना जातो.

आधी भूमी अभिलेख कार्यालयातून त्या सर्व्हे नंबरचा आकारबंद (क्षेत्र आणि साऱ्याची नोंद) आणि फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांचा नकाशा) काढा. नंबरचे पोटहिस्से कधी पडले ते कळतं, आणि जिनिंगचा तुकडा मूळ नंबरातून कधी तुटला हे तिथेच दिसतं. मग तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना ६, म्हणजे फेरफार (मालकी बदलल्याच्या नोंदी). हक्कनोंदी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच्या, त्याआधीचं तिथे शोधू नका. सातबारा त्याहून नवा. त्यावरून मागे जाताना प्रत्येक फेरफार क्रमांक धरत जा.

फेरफारात 'खरेदी' लिहिलंय म्हणून समाधान मानू नका. दुय्यम निबंधकाकडे सूची २ (नोंदलेल्या दस्तांची यादी) मधून मूळ दस्त काढा. 'मुदत खरेदी' असेल तर ते कर्ज आहे: ठरल्या मुदतीत पैसे परत आले नाहीत तर विक्री कायम. 'कब्जे गहाण' असेल तर जमीन सावकाराकडे, नाव मात्र पाटलांचं. 'भाडेपट्टा' असेल तरच गावातलं वाक्य खरं. चौथी शक्यताही असते: पाटील स्वतः भागीदार, आणि जमीन म्हणजे त्यांचा भाग. अशा वेळी भागीदारीपत्र नोंदलेलं नसतं, पण पुढच्या वाटणीच्या दाव्यात त्याचा उल्लेख येतो. म्हणून दिवाणी कोर्टाचा निकाल शोधा.

शेतजमिनीवर कारखाना म्हणजे तेव्हा बिनशेती परवानगी लागे, १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या कलम ६५ खाली. त्या आदेशात अर्जदाराचं नाव, कारण आणि तारीख तिन्ही मिळतात. जिनिंगच्या जन्मतारखेचा यापेक्षा चांगला पुरावा नाही. वतनाची जमीन असेल तर आणखी काळजी घ्या, ती परवानगीशिवाय विकता येत नसे. म्हणून पुष्कळ ठिकाणी कागदावर भाडेपट्टा आणि प्रत्यक्षात विक्री असा प्रकार झाला. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटलांची १९६२ च्या. त्या वर्षांच्या लगेच नंतरचे फेरफार बघा, जुने व्यवहार तेव्हा उघडे पडतात.

रोलर-सुरी
यात यंत्राची भर घालतो. बॉयलर जागेवर असेल तर पुढच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक शोधा. १९२३ च्या बॉयलर कायद्यानुसार प्रत्येकाला नोंदणी क्रमांक मिळायचा आणि त्यावरून बाष्पके संचालनालयाकडे विचारणा करता येते. बॉयलर नसेल, फक्त पाया असेल, तर पायाचा आकार मोजा. लांबट विटांचा चर म्हणजे बॉयलर. आखूड, खोल, बोल्ट वर आलेला चौथरा म्हणजे नंतरचं तेलाचं इंजिन. धुराडं आणि चौथरा दोन्ही असतील तर जिनिंग आधी वाफेवर होती आणि नंतर बदलली. गाठींवर प्रेसची खूण आणि क्रमांक घालणं १९२५ च्या कायद्याने बंधनकारक झालं, त्यामुळे जुना स्टेन्सिलचा पत्रा अडगळीत सापडला तर फेकू देऊ नका. गंजलेल्या सांगाड्यांना मात्र भंगारवाल्याआधी गाठा. बीड किलोवर जातं.

बोरीकाठ
सोमवारी भूमी अभिलेखला अर्ज टाकते. वहीत गावच्या एका जुन्या दस्ताची नक्कल आहे, तिच्यावर 'मुदत खरेदी, पाच वर्षे' असं लिहिलंय आणि खाली पाटलांची सही आहे. फेरफार हाती आला की इथेच टाकीन.